अंधाऱ्या खोलीतील बावीस वर्षे: दादासाहेब फाळके छायाचित्रण कसे शिकले

बहुतेक मराठी मुलांनी दादासाहेब फाळके यांची एक गोष्ट शाळेतच ऐकलेली असते. १९१०-११च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला, पडद्यावर येशू वावरत असताना त्यांच्या मनश्चक्षूंना राम-कृष्ण आणि गोकुळ-अयोध्या दिसू लागली, आणि त्या ध्यासातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्माला आला. गोष्ट खोटी नाही. खुद्द फाळके यांनीच ती पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितली आहे. मात्र त्याच लेखनात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती पाठ्यपुस्तकांपर्यंत सहसा पोहोचत नाही. चित्रपटाला लागणाऱ्या रेखाटन, रंगकला, वास्तुकला, छायाचित्रण, नाट्य, जादू अशा विद्या आपण आधीच हस्तगत केल्या होत्या, म्हणून हे काम आपल्याला साधेल अशी आपली खात्री होती, असे ते सांगतात.

साक्षात्काराच्या गोष्टीत ही खात्री हरवून जाते. चाळिशीचा गृहस्थ, एक संध्याकाळ आणि एक चमत्कार, एवढेच उरते. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी खुर्चीवर बसलेला माणूस वीसएक वर्षे काचा धूत, ब्लॉक करत, शाईचे डाग अंगावर घेत तिथवर आला होता. हा धागा त्या वर्षांविषयी आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवण्यासाठी ते आले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने पोथी सोडून पेन्सिल धरावी, ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. तिथले शिक्षण मात्र रेखाटनाचे होते. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो बडोद्यात.

बडोद्याचे कलाभवन हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली ते सुरू झाले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. (१८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तो डाग काढून देणारे ते हेच गज्जर.) रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, वास्तुकला असे विषय तिथे शिकवले जात. धंद्याचे शिक्षण गुजराती-मराठीसारख्या देशी भाषांतून द्यावे आणि ते हाताने करून घ्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. इंग्रजी पुस्तके पाठ करून परीक्षा देणारा पदवीधर त्यांना नको होता. कारखान्यात उभे राहून काम काढणारा माणूस हवा होता.

फाळके बडोद्याला आले ते थोरल्या भावाच्या आधाराने. कलाभवनात त्यांनी तैलरंग आणि जलरंगांचा अभ्यास केला, वास्तुकला आणि मूर्तिकाम पाहिले, आणि १८९०च्या सुमारास एक कॅमेरा मिळवून छायाचित्रणाचे प्रयोग सुरू केले. १८९२च्या अहमदाबाद औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी या विद्यार्थ्यातील धग ओळखली. त्यांनी कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली.

त्या काळी ‘फोटो शिकणे’ म्हणजे काय, हे आज सहज लक्षात येत नाही. कॅमेऱ्यात काचेची पट्टी घालायची. ती निळ्या प्रकाशाला हावरटपणे प्रतिसाद देणार आणि तांबड्याला जवळपास आंधळी असणार. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चाले. याचा परिणाम चित्रावर उमटतो. निळे आकाश पांढरे फटक येते, लाल शालू काळा दिसतो आणि गव्हाळ चेहरा डोळ्यांना दिसतो त्याहून सावळा उतरतो. म्हणजे छायाचित्रकाराला जग जसे आहे तसे मिळत नाही. ते कसे मिळणार याचा हिशेब आधी मनात मांडावा लागतो. मग द्रावणात काच बुडवायची, नेमक्या क्षणी बाहेर काढायची, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने दुरुस्ती करायची, चौकटीत कागद घालून उन्हात छापायचा. हे सारे सांगून येत नाही. दहा काचा वाया घालवाव्या लागतात.

गज्जरांनी फाळके यांना रतलामलाही धाडले. तिथे बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे त्यांनी तीन रंगांचे ब्लॉक करणे, छायाचित्र शिळेवर उतरवणे आणि अंधाऱ्या खोलीतील छपाईची इतर तंत्रे शिकून घेतली.

इथे थोडे थांबून तंत्र समजून घेतले पाहिजे, कारण फाळके यांची दृष्टी इथे घडली असे मानायला बरीच जागा आहे. छापखान्याच्या शाईला करडा रंग ठाऊक नसतो. ती कागदावर असते किंवा नसते. मग छायाचित्रातील उजेडापासून अंधारापर्यंतच्या छटा छापायच्या कशा? त्यावर तोडगा म्हणजे हाफटोन ब्लॉक. बारीक जाळीतून चित्र घेतले की त्याचे असंख्य ठिपके होतात. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात लहान. जवळून पाहिले तर नुसते ठिपके. हातभर दूर धरले की चेहरा दिसू लागतो. तीन रंगांच्या छपाईत हेच तीनदा करायचे. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या रंगकाचांतून तीन निगेटिव्ह घ्यायच्या, त्यांचे तीन ब्लॉक करायचे आणि पिवळा, तांबडा, निळा असे एकावर एक छापायचे. एक ब्लॉक केसभर सरकला तरी देवाच्या ओठांचा रंग हनुवटीवर येतो.

असे काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. चित्र कागदावर पूर्ण होत नाही, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात पूर्ण होते. सुटे ठिपके जोडून डोळा चेहरा करतो. पुढे सुट्या चित्रांची पट्टी वेगाने सरकली की तोच डोळा हालचाल करतो. चलच्चित्राचे रहस्य फाळके यांना गिरगावात एकाएकी उलगडले असे म्हणण्यापेक्षा, त्याचा अर्धा भाग त्यांना रतलामला कळला होता असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

शिक्षण झाले, पण पोट भरेना. १८९५च्या सुमारास फाळके गोध्र्याला गेले आणि तिथे धंदेवाईक छायाचित्रकार झाले. शतक सरता सरता प्लेगची साथ आली, आणि पत्नी व मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परतले. बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा मांडला तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी समजूत शहरात पसरली. राजघराण्यातील एकानेही याच भीतीने फोटो काढून घेण्यास नकार दिला होता आणि फाळके यांनी दरबारात छायाचित्रणाची बाजू मांडून त्याचे मन वळवले, असे चरित्रकार सांगतात. गिऱ्हाईक मात्र वाढले नाही.

आजच्या वाचकाला ही समजूत हास्यास्पद वाटेल. फाळके यांच्या दृष्टीने ती एक कठोर शिकवणी होती. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस म्हणजे मांडून ठेवलेले फळ नव्हे. त्याला भय असते, श्रद्धा असते, आणि चित्राविषयी त्याची स्वतःची एक कल्पना असते. ज्या समाजात देवाच्या तसबिरीला हार घातला जातो आणि दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काजळाचे बोट लावले जाते, तिथे प्रतिमा ही निर्जीव वस्तू नसते. छायाचित्रकाराला हे समजले नाही तर त्याच्या काचा कितीही स्वच्छ धुतलेल्या असोत, दुकान बंद पडते.

पुढची दोन-तीन वर्षे भटकंतीची. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणे, अधूनमधून छोटीशी भूमिका करणे, बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकणे. फाळके यांनी जादूचे प्रयोगही केले, आणि त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. या गमतीकडे चरित्रात एक किस्सा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः जादूगार एकच शास्त्र शिकवतो: प्रेक्षक कुठे पाहील हे आधी ठरवायचे. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वती फाळके झाल्या. त्यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढील कथेत त्यांचे हात सर्वत्र आहेत.

१९०३ साली फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. स्टुडिओत गिऱ्हाईक सुंदर दिसावे लागते. इथे खांब खांबासारखा दिसावा लागतो. शिलालेखाची अक्षरे उठून यावीत म्हणून तिरपा उजेड गाठावा लागतो, मापाची कल्पना यावी म्हणून शेजारी काहीतरी ठेवावे लागते, आणि छायाचित्रकाराची हौस बाजूला ठेवावी लागते.

ही नोकरी त्यांनी सोडली ती स्वदेशीच्या वाऱ्यात. १९०५च्या बंगालच्या फाळणीनंतर देशी उद्योगाची हाक गावोगाव पोहोचली होती. फाळके यांनी लोणावळ्यात ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. जागा निवडण्यात व्यवहार होता. जवळच मळवलीला रविवर्मा छापखाना होता. राजा रविवर्मा यांनी तो १८९४ साली मुंबईत सुरू केला, पुढे मळवलीला नेला आणि १९०१ साली फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. घराघरांत लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका पोहोचवणारा छापखाना तो हाच. त्याच्यासाठी छायाचित्रे शिळेवर उतरवण्याचे काम फाळके यांनी केले. पुढे कारखाना दादरला आला, नवे भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नाव पडले, १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारीही झाली. काम नावाजले गेले आणि भागीदारांशी पटेनासे झाले. फाळके बाहेर पडले. वय चाळीस, हाती भांडवल नाही, घरी मुले.

गिरगावातील ती संध्याकाळ या टप्प्यावर येते.

ते एकटेच छायाचित्रकार चित्रपटाकडे वळले होते असे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हेही छायाचित्रणाच्या व्यवसायातले. त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली होती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२पासून ‘शांबरिक खरोलिका’ नावाने हाताने रंगवलेल्या काचचित्रांतून पुराणकथा पडद्यावर दाखवल्या होत्या. एकाकडे हालचाल होती, दुसऱ्याकडे कथा. फाळके यांना दोन्ही एकत्र हवी होती आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते.

त्यांनी स्वतःला पुन्हा विद्यार्थी केले. पैसे जमतील तसे चित्रपट पाहायचे, फिल्मचे तुकडे मिळवायचे, रात्री घरी भिंतीवर ते पाहत बसायचे. झोप जेमतेम. डोळे इतके बिघडले की काही काळ दृष्टी गेल्यासारखीच झाली, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो हे त्यांनी पाहिले. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र एवढी खरेदी ठरवून १ एप्रिलला ते मुंबईत परतले.

दोन महिन्यांत, तेही प्रवासासकट, एखादा माणूस चित्रपटनिर्मिती शिकून येतो यावर विश्वास बसणे कठीण आहे. आधीची बावीस वर्षे मोजली की मग तितके कठीण वाटत नाही. लंडनला त्यांना नवे शिकायचे होते ते थोडेच; प्रकाश, रसायन, निगेटिव्ह, छपाई हे सगळे त्यांच्या बोटांत आधीच होते.

कॅमेरा आला. पैसे मात्र नव्हते, आणि चलच्चित्र म्हणजे काय हे धनिकांना शब्दांत पटवणे अशक्य होते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. कॅमेरा समोर पक्का बसवला. महिनाभराहून अधिक काळ ते रोज ठरावीक पद्धतीने थोडे थोडे चित्रण करत राहिले. बी फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल वाढते. पडद्यावर हे सारे एखाद्या मिनिटात घडले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो.

‘रोज एकच चित्र घेतले’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. हिशेब करून पाहावा. त्या काळच्या मूकपटाला सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत, म्हणजे मिनिटाला ९६०. महिन्याभरात रोज एकच चित्र घेतले असते तर पडद्यावरचा खेळ दोन सेकंदांत आटोपला असता. तेव्हा चित्रपट खरोखर मिनिटभर चालत असेल तर रोज तीसएक चित्रे घेतली असली पाहिजेत. त्याने प्रयोगाचे मोल कमी होत नाही. उलट कष्ट तीसपट होतात. असा प्रयोग जगात पहिलाही नव्हता. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० सालीच आला होता.

फाळके यांचे वेगळेपण विषयाच्या निवडीत आहे. पहिल्या प्रयोगासाठी ते आगगाडी दाखवू शकले असते, गर्दीचा रस्ता दाखवू शकले असते. पण चालती गाडी डोळ्यांना रोज दिसते. वाटाणा वाढतो हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि वाढताना तो कुणीही पाहिलेला नसतो. सावकाराला जे समजावयाचे होते, म्हणजे हे यंत्र काळ मुठीत धरते, ते एकाही शब्दाशिवाय त्याच्या समोर उभे राहिले. यशवंत नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी हा चित्रपट पाहून कर्ज देऊ केले. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

यानंतर घर हीच शाळा झाली. कच्ची फिल्म भोकांशिवाय येई आणि ती उजेडात उघडता येत नसे. रात्री काळोखात बसून सरस्वतीबाई यंत्राने भोके पाडत. या कामाचा आवाका आकड्यांत पाहण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात दोन्ही कडा मिळून १२८ भोके असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे केवळ तेवढ्या निगेटिव्हसाठी पावणेपाच लाखांच्या घरात भोके. वाया गेलेली फिल्म आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी. त्याशिवाय फिल्म धुणे, पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. हे सगळे करणाऱ्या बाईंना कुठल्या कलाशाळेने प्रमाणपत्र दिले नव्हते. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घातले पाहिजे, हे म्हणायला आपल्याकडे फार उशीर झाला.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, अण्णा साळुंके तारामती, फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. १९११च्या जनगणनेनुसार देशात साक्षर शंभरात जेमतेम सहा होते. पडद्यावरील फलकांवर मजकूर असे, पण समोर बसलेल्या बहुसंख्यांना तो वाचता येत नव्हता. कथा कळायची तर चित्रातूनच कळायला हवी होती. पात्रांची मांडणी समोरासमोरची, राजा मध्यभागी, भोवती परिवार. ही घडण प्रेक्षक घरच्या भिंतीवरील तसबिरीत रोज पाहत आले होते. तिथे मळवलीचा छापखाना उपयोगी पडला. ऋषीच्या यज्ञातून अवतरणाऱ्या शक्ती दाखवताना प्रोफेसर केळफा उपयोगी पडले. चित्रपटाची आज उपलब्ध असलेली रिळे १९१७च्या नव्याने केलेल्या आवृत्तीची असावीत असे अभ्यासकांचे मत आहे, तरी ही घडण त्यांत स्पष्ट दिसते.

‘कालिया मर्दन’ (१९१९) पाहणाऱ्यांनी त्याच्या सुरुवातीकडे विशेष लक्ष द्यावे. कृष्णाची भूमिका फाळके यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. कथा सुरू होण्यापूर्वी तिचा चेहरा पडद्यावर जवळून येतो आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. कथेच्या दृष्टीने याची काहीच गरज नाही. एखाद्या शिक्षकाने वर्गात नमुना दाखवावा तसे ते आहे: हा चेहरा, हे त्याचे भाव, आता हेच पुढे कथेत ओळखा.

आणि १९१७ साली फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. पाच वर्षांपूर्वी जे रहस्य विकत घेण्यासाठी विमा गहाण टाकला होता, ते त्यांनी पडद्यावर उघड करून टाकले. त्याचे काही तुकडे शिल्लक आहेत. त्यांत दादासाहेब नटांना सूचना देताना, काम करवून घेताना दिसतात. कुठे काय धरायचे, कसे उभे राहायचे, ते हाताने करून दाखवत आहेत.